बुरशीची वाढ मोजणारा रसायनज्ञ : एडवर्ड टेटम

शिळ्या पावावर वाढणाऱ्या एका नारिंगी बुरशीने विसाव्या शतकातील जीवशास्त्राला नवी दिशा दिली. आई-वडिलांचे गुण अपत्यात जनुकांमार्फत उतरतात, हे त्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत सिद्ध झाले होते. परंतु जनुक पेशीच्या आत नेमके कोणते काम करते, हे कोणालाच सांगता येत नव्हते. १९४१ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात या प्रश्नाचे पहिले भक्कम उत्तर मिळाले. ते मिळण्यासाठी काही काचेच्या नळ्या, थोडे अगर, एक मोजपट्टी आणि एक तराजू एवढी सामग्री पुरेशी ठरली. या संशोधनाशी जॉर्ज बीडल यांचे नाव प्रथम जोडले जाते. त्यांच्या बरोबरीने उभे असलेले दुसरे नाव एडवर्ड लॉरी टेटम यांचे. टेटम हे रसायनज्ञ. बुरशीला काय खाऊ घालावे आणि ती किती वाढली हे कसे मोजावे, ही विद्या या जोडीत त्यांची होती. ज्या कामाने त्यांना नोबेल पारितोषिक मिळवून दिले, ते काम त्यांनी केले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या नोकरीचाही भरवसा नव्हता.

औषधशास्त्रज्ञाचा मुलगा

टेटम यांचा जन्म १४ डिसेंबर १९०९ रोजी कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे झाला. वडील आर्थर टेटम हे औषधशास्त्राचे नामांकित अध्यापक होते. उपदंशावरील आर्सेनिकयुक्त औषधांवर त्यांनी केलेले काम वैद्यकात महत्त्वाचे मानले गेले. घरात प्रयोगशाळेची भाषा रोजची होती. वडिलांच्या बदलत्या नोकऱ्यांबरोबर कुटुंबही गावे बदलत गेले आणि अखेरीस विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे स्थिरावले. एडवर्ड यांनी शिकागो विद्यापीठात दोन वर्षे काढली व पुढील शिक्षण विस्कॉन्सिन विद्यापीठात घेतले. १९३१ मध्ये रसायनशास्त्रातील पदवी, १९३२ मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रातील पदव्युत्तर पदवी आणि १९३४ मध्ये जीवरसायनशास्त्रातील डॉक्टरेट, असा त्यांचा क्रम राहिला. तीन पदव्या तीन निरनिराळ्या विषयांतल्या. पुढे आयुष्यभर त्यांना जो प्रश्न छळणार होता, त्याची ही पूर्वसूचनाच होती. हा माणूस नक्की कोणत्या विभागाचा, हे विद्यापीठांना कधी नीट ठरवता आले नाही.

विस्कॉन्सिन हे दुधदुभत्याचे राज्य. चीज आणि लोणी यांत काम करणाऱ्या जिवाणूंचा अभ्यास तेथील विद्यापीठात जोरात चाले. टेटम यांनी प्रोपिऑनिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंवर काम केले. हे जिवाणू साध्या क्षार-साखरेच्या द्रावणात नीट वाढत नसत, मात्र यीस्टचा किंवा इतर कशाचा अर्क थोडासा घातला की फोफावत. त्या अर्कात असे काय आहे, याचा शोध घेताना टेटम आणि त्यांचे सहकारी थायमिनपर्यंत पोहोचले. थायमिन म्हणजे ब१ जीवनसत्त्व. माणसाला बेरीबेरीपासून वाचवणारे द्रव्य एका जिवाणूलाही हवे असते, ही गोष्ट त्या काळी विलक्षण होती. जीवसृष्टीतील अगदी भिन्न प्राणी आतून एकाच रसायनावर चालतात, ही जाणीव त्यातून टेटम यांच्या मनात पक्की झाली.

१९३४ मध्ये त्यांचा विवाह झाला. पुढे एका शिष्यवृत्तीवर ते १९३६-३७ मध्ये हॉलंडमधील उट्रेख्ट येथे फ्रित्स कोगल यांच्या प्रयोगशाळेत गेले. कोगल यांनी नुकतेच बायोटिन हे वाढीला आवश्यक असलेले द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले होते. त्यासाठी सुमारे अडीचशे किलो वाळवलेला अंड्याचा बलक वापरावा लागला आणि हाती आले जेमतेम एक मिलिग्रॅम द्रव्य. तेथेच टेटम यांची नील्स फ्रीस या तरुण स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाशी ओळख झाली. निरनिराळ्या बुरशींना वाढीसाठी कोणकोणती द्रव्ये लागतात, याचा फ्रीस अभ्यास करीत होते. उट्रेख्टमधील त्या वर्षात टेटम यांच्या नावावर मोठा शोध लागला नाही. परंतु बायोटिन आणि बुरशीचे पोषण या दोन गोष्टी त्यांनी बरोबर आणल्या आणि चार वर्षांनी नेमक्या त्याच उपयोगी पडल्या.

वडिलांची चिंता

१९३७ मध्ये टेटम स्टॅनफर्डला आले. नेब्रास्कातील शेतकरी कुटुंबात वाढलेले जॉर्ज बीडल तेथे आनुवंशशास्त्राचे प्राध्यापक होते. बीडल यांनी पॅरिसमध्ये बोरिस एफ्रुसी यांच्यासमवेत फळमाशीच्या डोळ्यांच्या रंगावर काम केले होते. डोळ्याचा तपकिरी रंग तयार होण्यासाठी लागणारी काही द्रव्ये जनुकांच्या नियंत्रणाखाली असतात, असे त्यांना दिसले होते. ती द्रव्ये कोणती, हे ओळखायला रसायनज्ञ हवा होता. टेटम त्या कामावर संशोधन सहायक म्हणून रुजू झाले.

काम कष्टाचे आणि मान थोडा, अशी ही जागा होती. इवल्याशा माश्यांच्या शरीरातून अत्यल्प द्रव्य काढायचे, ते शुद्ध करायचे आणि ओळखायचे. एका दूषित झालेल्या संवर्धनातील जिवाणू ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून हे द्रव्य तयार करतात, हे टेटम यांच्या ध्यानात आले व त्यांनी त्या जिवाणूंनाच कामाला लावले. स्फटिक हाती आले. तोवर जर्मनीत अडोल्फ ब्युटेनांट यांच्या गटाने ते द्रव्य म्हणजे कायन्युरेनिन असल्याचे दाखवून दिले. काही वर्षांच्या परिश्रमाचे श्रेय थोडक्यात हुकले.

या काळात टेटम यांचे वडील मुलाच्या भवितव्याविषयी मनापासून चिंतित होते आणि ती चिंता त्यांनी बीडल यांच्यापाशी बोलूनही दाखवली. आनुवंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करणाऱ्या रसायनज्ञाला रसायनज्ञ आपला मानणार नाहीत आणि आनुवंशशास्त्रज्ञही आपला मानणार नाहीत, अशी त्यांची भीती होती. ती निराधार नव्हती. विद्यापीठांतील जागा विभागांच्या नावाने भरल्या जातात. दोन विभागांच्या सीमेवर उभा राहणारा माणूस दोघांनाही परका वाटतो. मंदीच्या दशकात पत्नी आणि लहान मुलींचा संसार सांभाळणाऱ्या तरुणाला हा धोका परवडणारा नव्हता. तरीही टेटम स्टॅनफर्डलाच राहिले.

प्रश्न उलटा फिरवला

१९४०-४१ च्या हिवाळ्यात टेटम विद्यार्थ्यांना तौलनिक जीवरसायनशास्त्रावर व्याख्याने देत होते. निरनिराळ्या सूक्ष्मजीवांच्या पोषणाच्या गरजा कशा वेगळ्या असतात, हा त्यांचा विषय. बीडल ती व्याख्याने ऐकत बसले होते आणि ऐकता ऐकता त्यांना एक कल्पना सुचली. आजवर ते जनुक माहीत असलेला गुण घेऊन त्यामागचे रसायन शोधत होते. त्याऐवजी ज्याचे रसायन आधीच माहीत आहे असा जीव घ्यावा, त्याची जनुके बिघडवावीत आणि कोणते रसायन थांबते ते पाहावे. एखाद्या जिवाची जीवनसत्त्व तयार करण्याची शक्ती गेली, तर ते जीवनसत्त्व बाहेरून दिल्याशिवाय तो वाढणार नाही. म्हणजे जनुकाचा बिघाड वाढीच्या रूपाने डोळ्यांना दिसेल.

अशा प्रयोगासाठी त्यांनी निवडली न्यूरोस्पोरा ही बुरशी. ही बुरशी विज्ञानाला जुनी परिचित होती. १८४० च्या दशकात पॅरिसमधील सैन्याच्या पावावर तिचा उपद्रव झाल्याची नोंद आहे. जावा बेटावर शेंगदाण्याच्या पेंडीवर तीच बुरशी वाढवून एक खाद्यपदार्थ तयार करतात. न्यूयॉर्कमधील वनस्पतिशास्त्रज्ञ बी. ओ. डॉज यांनी तिचे लैंगिक चक्र उलगडले होते आणि आनुवंशशास्त्रज्ञांनी तिच्याकडे लक्ष द्यावे, असा त्यांचा सततचा आग्रह असे. तिच्या एका पिशवीत आठ बीजाणू ओळीने बसलेले असतात. त्यांतला प्रत्येक बीजाणू सुईच्या टोकाने वेगळा काढून वाढवता येतो. तिच्यात प्रत्येक जनुकाची एकच प्रत असल्याने बिघाड झाकला जात नाही.

पोषणाचा भाग टेटम यांचा. या बुरशीला साखर, काही क्षार आणि नायट्रोजनचा एखादा साधा स्रोत दिला, तर बाकी सर्व अमिनो आम्ले व जवळपास सर्व जीवनसत्त्वे ती स्वतः तयार करते, हे त्यांनी पडताळले. बाहेरून द्यावे लागते ते एकच द्रव्य, बायोटिन. उट्रेख्टमध्ये ज्याच्या मिलिग्रॅमसाठी शेकडो किलो बलक लागला होता, ते आता अर्काच्या स्वरूपात विकत मिळू लागले होते. प्रयोगाचा मार्ग मोकळा झाला.

बुरशीच्या बीजाणूंवर क्ष-किरण सोडले जात. मग विरुद्ध प्रकारच्या बुरशीशी त्यांचा संकर करून नवे बीजाणू मिळवले जात. प्रत्येक बीजाणू वेगळ्या परीक्षानळीत, सर्व पोषक द्रव्ये असलेल्या माध्यमावर वाढवला जाई. वाढलेल्या प्रत्येक बुरशीचा तुकडा मग केवळ साखर, क्षार आणि बायोटिन असलेल्या किमान माध्यमावर ठेवला जाई. भरल्या ताटावर जी वाढते पण साध्या ताटावर उपाशी राहते, ती हवी होती. एकामागून एक नळ्या तपासल्या गेल्या. २९९ क्रमांकाच्या नळीतील बुरशी किमान माध्यमावर वाढली नाही. एकेक द्रव्य घालून पाहिल्यावर कळले की तिला पायरिडॉक्सिन, म्हणजे ब६ जीवनसत्त्व हवे आहे. निरोगी बुरशीशी संकर केल्यावर हा दोष एकाच जनुकाप्रमाणे पुढच्या पिढीत उतरला. पुढे आणखी दोन बुरशी सापडल्या. एकीला थायमिन हवे होते, तर दुसरीला पॅरा-अमिनोबेन्झोइक आम्ल.

तंतू मोजायचे कसे?

वाढते की वाढत नाही, एवढे उत्तर पुरेसे नव्हते. किती द्रव्य दिल्यावर किती वाढते, हे आकड्यांत सांगता आले तरच रसायनज्ञांचा विश्वास बसला असता. येथे बुरशीचा स्वभाव आडवा आला.

यीस्ट किंवा जिवाणू यांच्या पेशी सुट्या असतात. द्रावण हलवावे, थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घ्यावा आणि पेशी मोजाव्यात. द्रावण किती गढूळ झाले, यावरूनही वाढीचा अंदाज करता येतो. तंतुमय बुरशीचे तसे नाही. तिचे तंतू फक्त टोकाशी वाढतात, त्यांना फांद्या फुटतात, त्या एकमेकींत मिसळतात आणि द्रावणावर एक जाड साय धरली जाते. एक तंतू कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो, हे सांगता येत नाही. द्रावण हलवले तर गोळे होतात. अशा जिवात पेशींची मोजदाद निरर्थक ठरते.

जुना उपाय वजनाचा. चंबूत ठरावीक दिवस बुरशी वाढवायची, तिची साय गाळून घ्यायची, धुऊन दाबून पाणी काढायचे, वाळवायची आणि संवेदनशील तराजूवर तोलायची. कोरड्या वजनाचा हा आकडा भरवशाचा असतो, कारण त्यात पाणी मोजले जात नाही. परंतु वजन करण्यासाठी ते संवर्धन संपवावे लागते. एका चंबूतून एकच आकडा मिळतो. वाढीचा वेग पाहायचा असेल, तर अनेक चंबू एकदम लावून रोज काही मोडावे लागतात.

स्टॅनफर्डमध्ये याला जोड म्हणून आडव्या नळ्यांची पद्धत वापरली गेली. सुमारे ४० सेंटिमीटर लांबीची काचेची नळी, दोन्ही टोके किंचित वर वाकवलेली. तिच्यात अर्ध्या उंचीपर्यंत अगर मिसळलेले माध्यम ओतून थिजू द्यायचे. टोकांना कापसाची बुचे. एका टोकाशी बुरशीचे बीजाणू ठेवायचे. सुरुवातीचा थोडा वेळ गेला की तंतूंची आघाडी अगरवरून सरळ पुढे सरकू लागते. ही आघाडी स्पष्ट दिसते. ठरावीक वेळी ती जेथे असेल तेथे काचेवर बाहेरून खूण करायची आणि खुणांमधले अंतर पट्टीने मोजायचे. न्यूरोस्पोरा तासाला तीन-चार मिलिमीटर पुढे जाते. म्हणजे एका दिवसात ती सहज वीतभर अंतराच्या निम्म्याला पोहोचते. वेग एकदा स्थिर झाला की नळी संपेपर्यंत तो जवळजवळ तसाच राहतो. एकाच बुरशीला न मारता अनेक दिवस मोजता येणे, हा या पद्धतीचा मोठा लाभ.

तिला मर्यादाही होती. नळी आघाडीचे अंतर सांगते, मागे तंतूंची गर्दी किती आहे हे सांगत नाही. अन्न कमी पडलेली बुरशी विरळ पसरूनही पुढे धावू शकते. म्हणून नळीतील अंतर आणि चंबूतील कोरडे वजन, दोन्ही पाहणे शहाणपणाचे ठरे. फ्रान्सिस रायन हे कोलंबिया विद्यापीठातील तरुण संशोधक स्टॅनफर्डला आले असताना त्यांनी बीडल व टेटम यांच्यासमवेत नळीच्या पद्धतीचा तपशीलवार अभ्यास केला. तो १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ही पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांत रुळली. अशा नळ्यांना पुढे शर्यतीच्या नळ्या असे गमतीदार नाव पडले.

पहिला शोधनिबंध मात्र त्याआधीच, नोव्हेंबर १९४१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. त्यातील आलेख बोलका होता. निरोगी बुरशीला पायरिडॉक्सिन द्या अथवा देऊ नका, ती त्याच वेगाने नळीतून पुढे जात होती. बिघडलेली बुरशी मात्र दिलेल्या द्रव्याच्या प्रमाणात धावत होती. प्रमाण वाढवत नेले की तिचा वेग वाढत वाढत निरोगी बुरशीच्या बरोबरीला येई आणि तेथे स्थिर होई. एका जनुकाच्या बिघाडाने एक रासायनिक पायरी तुटली होती आणि ती पायरी बाहेरून भरून काढताच जीव पूर्ववत चालू लागत होता. प्रत्येक जनुक एका विकराच्या निर्मितीवर नियंत्रण ठेवते, हा पुढे प्रसिद्धी पावलेला सिद्धान्त या मोजमापांवर उभा राहिला.

पुढील काही वर्षांत अशा बिघडलेल्या बुरशींची रांग लागली. एकाच अमिनो आम्लासाठी अडलेल्या बुरशीही वेगवेगळ्या पायऱ्यांवर अडलेल्या असू शकतात, हे लक्षात आले. आर्जिनिन हवे असणाऱ्या बुरशींपैकी काही ऑर्निथिन दिल्यावर वाढत, काहींना ते चालत नसे पण सिट्रुलिन चाले, तर काहींना थेट आर्जिनिनच लागे. कोण कशावर वाढते एवढेच नोंदवून शरीरातील रासायनिक साखळीचा क्रम मांडता आला. एड्रियन सर्ब आणि नॉर्मन होरोविट्झ यांनी हे काम केले. टेटम यांनी डेव्हिड बॉनर यांच्यासह ट्रिप्टोफॅन कसे तयार होते, याचा मार्ग दाखवला. ज्या ट्रिप्टोफॅनने त्यांना फळमाशीच्या कामात हुलकावणी दिली होती, तेच आता बुरशीच्या मदतीने उलगडले.

महायुद्धाच्या काळात या बुरशींचा एक व्यावहारिक उपयोगही झाला. वाढ जर द्रव्याच्या प्रमाणात होत असेल, तर वाढ मोजून द्रव्य किती आहे हे सांगता येईल. अन्नपदार्थाचा अर्क द्यावा, बुरशी किती वाढते ते मोजावे आणि त्यातील जीवनसत्त्वाचे किंवा अमिनो आम्लाचे प्रमाण काढावे. बुरशी हाच तराजू झाला. तंतुमय जिवांची वाढ मोजण्याचे हे शास्त्र प्रतिजैविकांच्या उद्योगालाही लागते, कारण पेनिसिलिनची बुरशी आणि स्ट्रेप्टोमायसिन देणारे जिवाणूही असेच तंतूंनी वाढतात. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, तो अशाच तंतूंच्या बळावर.

स्टॅनफर्ड सोडले

एवढे यश मिळूनही स्टॅनफर्डमधील टेटम यांचे स्थान डळमळीतच राहिले. १९४१ मध्ये ते सहायक प्राध्यापक झाले होते, परंतु जीवशास्त्राच्या विभागात रसायनज्ञाला कायमची जागा द्यावी की नाही, यावर विद्यापीठाचे मन होत नव्हते. वडिलांनी वर्तवलेले संकट खरे ठरले. १९४५ मध्ये टेटम यांनी स्टॅनफर्ड सोडून येल विद्यापीठाची वाट धरली. पुढच्याच वर्षी बीडलही कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेत गेले. विसाव्या शतकातील एक अत्यंत फलदायी जोडी अशी विखुरली.

येलमध्ये टेटम यांनी बुरशीवरची युक्ती जिवाणूंवर लावली. मानवी आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जिवाणूच्या के-१२ या वाणावर क्ष-किरण सोडून त्यांनी पोषणदृष्ट्या अडलेले वाण तयार केले. एकाच वाणात दोन-दोन दोष असलेले जिवाणूही त्यांच्यापाशी होते.

याच सुमारास कोलंबियात रायन यांच्या हाताखाली जोशुआ लेडरबर्ग हा तरुण विद्यार्थी न्यूरोस्पोरावर काम करीत होता. ल्युसिन हवे असणारी बुरशी कधीकधी ल्युसिनशिवायही अचानक निरोगी वेगाने वाढू लागे. ती परिस्थितीशी जुळवून घेत नसून बिघडलेले जनुक उलट बदलून पूर्ववत झालेले असते, हे रायन व लेडरबर्ग यांनी १९४६ मध्ये दाखवले. त्यातून लेडरबर्ग यांच्या मनात एक धाडसी प्रश्न आला. जिवाणूंमध्येही जनुकांची देवाणघेवाण होत असेल का? त्या काळी बहुतेकांचे उत्तर नकारार्थी होते. रायन यांच्या सुचवणीवरून लेडरबर्ग १९४६ मध्ये येलला टेटम यांच्याकडे आले, तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते.

टेटम यांनी त्यांच्यासमोर आपले दुहेरी दोषांचे वाण ठेवले. दुहेरी दोषांचा उपयोग असा की दोन्ही दोष एकाच वेळी आपोआप दुरुस्त होण्याची शक्यता नगण्य असते. वेगवेगळे दोष असलेले दोन वाण एकत्र वाढवल्यावर किमान माध्यमावर वसाहती उगवल्या, तर त्यांनी परस्परांच्या जनुकांनी आपली उणीव भरून काढली, असेच म्हणावे लागेल. वसाहती उगवल्या. जिवाणूंमध्ये संकर होतो, हे सिद्ध झाले आणि त्यातून जिवाणूंच्या आनुवंशशास्त्राची शाखा जन्माला आली. नवख्या मुलाला आपले मौल्यवान वाण देऊन त्याच्या वेड्या वाटणाऱ्या कल्पनेमागे उभे राहणे, हे टेटम यांच्या स्वभावाला धरून होते. आपल्या वाट्याला जी अस्थिरता आली, ती आपल्या हाताखालच्या तरुणांच्या वाट्याला येऊ नये, याची काळजी ते घेत.

१९४८ मध्ये स्टॅनफर्डने त्यांना परत बोलावले, यावेळी प्राध्यापक म्हणून. तेथे त्यांनी बुरशीच्या मोजणीतील एक जुनी अडचण सोडवली. न्यूरोस्पोरा इतक्या वेगाने पसरते की तबकडीवर पाच-पन्नास बीजाणू टाकले, तर काही वेळातच सगळे तंतू एकमेकांत मिसळून जातात आणि किती बीजाणू उगवले हे कळत नाही. माध्यमात सॉर्बोज नावाची शर्करा घातली, तर तीच बुरशी पसरण्याचे सोडून लहान, घट्ट, वेगवेगळ्या वसाहतींच्या रूपात वाढते, असे टेटम आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले. सॉर्बोज काढून घेतले की ती पुन्हा पूर्ववत पसरते. तंतुमय बुरशी आता जिवाणूंसारखी मोजता येऊ लागली. बुरशी जे रूप धारण करते त्यामागे कोणते रसायन आहे, हा प्रश्न टेटम यांना पुढेही आकर्षित करीत राहिला.

सन्मान आणि अखेर

१९५७ मध्ये टेटम न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत दाखल झाले. पुढच्या वर्षी शरीरक्रियाशास्त्र व वैद्यक या विभागातील नोबेल पारितोषिक जाहीर झाले. अर्धे पारितोषिक बीडल व टेटम यांना आणि उरलेले अर्धे लेडरबर्ग यांना. गुरू आणि त्याचा तरुण सहकारी यांचा एकाच व्यासपीठावर गौरव झाला. १० डिसेंबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये हा समारंभ झाला, त्यानंतर चार दिवसांनी टेटम यांना ४९ वर्षे पूर्ण झाली. लेडरबर्ग तेव्हा ३३ वर्षांचे होते.

विज्ञान पुढे गेले तशी मूळ सिद्धान्ताला मुरड घालावी लागली. काही विकरे एकाहून अधिक प्रथिन-साखळ्यांची बनलेली असतात, म्हणून एक जनुक एक विकर याऐवजी एक जनुक एक प्रथिन-साखळी असे म्हटले जाऊ लागले आणि पुढे त्यालाही अपवाद सापडले. परंतु बिघडलेला जीव शोधायचा, त्याला एकेक द्रव्य देऊन पाहायचे आणि वाढ मोजून अडलेली पायरी ओळखायची, ही पद्धत आजही जीवशास्त्राच्या रोजच्या कामाचा भाग आहे. रसायन आणि आनुवंशशास्त्र यांमधली जी सीमा टेटम यांच्या नोकरीच्या आड आली होती, ती याच कामामुळे पुसट झाली. आज त्या दोहोंच्या मधोमध रेण्वीय जीवशास्त्र हे स्वतंत्र शास्त्र उभे आहे. वडिलांची भीती एका पिढीपुरती खरी होती. मुलाने केलेल्या कामाने पुढच्या पिढीसाठी ती निरर्थक ठरवली.

टेटम यांची शेवटची वर्षे सुखाची नव्हती. त्यांचा पहिला विवाह १९५६ मध्ये संपुष्टात आला होता व त्याच वर्षी त्यांनी दुसरा विवाह केला. १९७४ मध्ये दुसऱ्या पत्नीचे निधन झाले. दीर्घकाळच्या धूम्रपानाने त्यांची फुप्फुसे निकामी होत गेली होती. ५ नोव्हेंबर १९७५ रोजी न्यूयॉर्क येथे हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले. मृत्युसमयी ते ६५ वर्षांचे होते. अखेरच्या काळापर्यंत त्यांची प्रयोगशाळा चालू होती आणि तिच्यात न्यूरोस्पोरा वाढत होती.